इंटरवलनंतरची गोष्ट

रविवारी सदर भागातल्या टॉकीजवर बायकांच्या तिकीट खिडकीशी मी पहिल्यांदाच एकटी उभी होते, अगदी ऐटीत. पुढे दोघी मैत्रिणी, त्यातली एक सासरहून आलेली.

“आधी दर रविवारी यायचो ना वं, पुष्पे.”

“आता मी एकटीच येते. अन् तुले पत्रात गोष्ट लिहिते.”

“सासूबाई ते साऱ्या मोहल्ल्याले वाचून दाखवायले लावते. मागच्या पत्रात तू हिरोइन मारली, तर बाया दोन दिवस माझ्याशीच बोलल्या नाही.”

“मग आज डोळ्यानं पाहून घे.”

“इंटरवललेच उठा लागन. पाचच्या गाडीनं हे मले परत नेऊन राहिले.”

“बरं, उरलेलं पत्रात लिहीन.”

“लिहू नको. ते पाहायले मी पुन्हा येईन.”

“तोवर हा सिनेमा राहीन काय?”

“नसन तर नसन. तू तर राहशील.”