हरकत नाही

— रडून काय होणार, रंजिता? बसा आधी. दार लोटा, बाहेर अंबिका कान लावून बसलीय. हां. आता मला सांगा, ऑफिसचा ई-मेल कुणाचा? तुमचा? वर तुमचं नाव आहे म्हणून? नाव तर माझंही या दारावर आहे, म्हणून संध्याकाळी दार मी लालबागला घरी नेतो का — मेल सरकारचा आहे. आणि सरकारचं ते जनतेचं. तुमचे मिस्टरही जनताच ना? प्रितेशरावांनी माहितीचा अर्ज केला, मी इथला माहिती अधिकारी, मी माहिती दिली. तुमचे वर्षभराचे मेल, एकशे बारा पानं, परवा स्पीडपोस्टनं गेली.

खासगी मजकूर झाकायचा असतो — मला शिकवता? काळा मार्कर माझ्याच खणात असतो. पण ठाकूरद्वारच्या ऑफिसातल्या त्या नम्रताला तुम्ही टपालाच्या यादीखाली लिहिता, ‘कधी कधी वाटतं, पोरीला आईकडे टाकावं आणि निघून जावं कुठंतरी.’ यादी सरकारी, मग खालची ओळ खासगी कशी? पोरीच्या ताब्याची केस चालू असताना असं लिहितं का कुणी? थकून लिहिलं असेल, मला कळतं हो. जजला कळायला हवं.

आणि त्याच्या खालची ओळ? ‘आमचा म्हातारा लोकांचे डबे हुंगत फिरतो.’ सात मेलमध्ये आहे. मी मोजलं नाही, दिसलं. बायको गेल्यापासून दुपारी केळं खातो मी, रंजिता. कुणी ‘घ्या सर’ म्हटलं तर चमचाभर घेतो — त्याला हुंगणं म्हणतात? फार वाईट वाटलं मला. तसा तुमचा नवरा बिचारा नुसता तुमच्या रजांचा तपशील मागायला आला होता, या खुर्चीतच बसला होता, मीच म्हटलं, अहो रजांनी काय होतंय, मेल मागा की — म्हणजे, अर्जदाराला मदत करावी लागते. कर्तव्य आहे ते आमचं.

नोटीस? दिली की. तुमचे मेल अर्जदाराला देतोय, हरकत असल्यास दहा दिवसांत कळवा, असं स्पष्ट लिहिलंय. ही बघा पोच. सही तुमचीच ना? गेल्या महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, फायलींच्या गठ्ठ्यासोबत आणली होती मी. तुमचा उजवा हात कोलंबीच्या कालवणात, म्हणून डाव्यानं केलीत, वाकडी आलीय. वाचून करा म्हटलं होतं. हरकत असेल तर सांगा, असंही म्हटलं होतं — अजित होता शेजारी, विचारा त्याला. तोंडात घास, मान खाली, काय म्हणालात? ‘हरकत नाही, सर.’ रोज म्हणता तसंच. तेच शेऱ्यात उतरवलंय, माझा एक शब्द नाही त्यात. आणि सही झाल्या झाल्या त्याच डाव्या हातानं डब्यावर झाकण ओढलंत. मी जवळ उभा होतो म्हणून. दिसतं हो मला.

अपील करा ना, अर्जाचा नमुना देतो. फक्त पानं आतापर्यंत त्यांच्या वकिलाकडे पोचली असतील, आणि कोर्टाची तारीख सोमवारचीच आहे ना? शाळेत सोडायला तुम्हीच जाता पोरीला? जा, या आठवड्यात जा.

बरं, उठा आता. दीड वाजला, जेवून घ्या. आज बोंबील आहेत ना? नको, नको, मला नको. झाकण घट्ट लावा.