मनगटातून वाहणारी पाताळगंगा

समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय आशालताताई, व्यासपीठावरील मान्यवर, आज पनवेल सोडून मुलीकडे नाशिकला निघालेले आमचे दिनानाथ सर, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई भामाबाई, सर्वांना रेवाचा नमस्कार.

कंपोझिटिंग म्हणजे काय, हे सरांनी त्यांच्या क्लासच्या पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं. माणसाला हिरव्या पडद्यापुढे उभं करायचं, कॉम्प्युटरला सांगून सगळा हिरवा रंग काढायचा आणि मागे हवी ती जागा बसवायची. किती सोपं! माझ्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. सासूबाईंनी जरा नाखुशीनेच क्लासला पाठवलं होतं. पडद्यापुढे मी हात हलवला, मागे आपटा गावची पाताळगंगा नदी लावली आणि खुशीत घरी जाऊन मोबाईलवर दाखवलं.

सासूबाईंचा चेहराच उतरला. "रेवा, तुजा चुडा कुठं हाय?"

पडद्याबरोबर माझा हिरवा चुडाही गेला होता, आणि मनगटातून नदी वाहत होती! नव्या सुनेचे हात असे दिसल्यावर कोणती सासू गप्प बसेल, सांगा बरं? "उद्यापासून जायाचं नाय," त्या म्हणाल्या.

मी रडत सरांना फोन केला. दुसरं कुणी म्हणालं असतं, शूटिंगपुरत्या बांगड्या काढ. सर म्हणाले, "चूक बांगड्यांची नाही, माझ्या पडद्याची आहे. आईंना घेऊन ये."

त्यांनी आम्हा दोघींना शेजारी बसवलं. एकेका चित्रात बांगड्यांभोवती रेघ काढायची आणि इथला हिरवा राहू दे, असं कॉम्प्युटरला बजावायचं. सेकंदाला पंचवीस चित्रं! चहाचे तीन कप झाल्यावर सर म्हणाले, "झालं." सासूबाई स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या, "डाव्या हातात एक कमी हाय. कासारानं माज्यासमोर भरल्यात, मोजून अकरा."

खरंच कमी होती! सरांनी हात जोडले. "आई, क्लासला तुम्हीच या." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि माझा क्लास वाचला.

सर, सोमवारपासून नवी बॅच मी शिकवणार आहे. भीती वाटते, आणि तुमची फार आठवण येणार आहे. माझ्यामागचा हा निळा पडदा सासूबाईंनी स्वतः शिवलाय. म्हणाल्या, "नव्या सुना येतील शिकायला. त्यांचा चुडा जायला नको."

आपण सर्वांनी प्रेमाने ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, तर लेक समजून पदरात घ्या. नेमकं काय कमी पडलं, ते सासूबाई घरी गेल्यावर मोजून सांगतीलच.