तुरळीची ओंजळ

मंडळी, आज एकच प्रश्न – माणूस खरं कधी बोलतो? अंगाऱ्याला हात लावून? कोर्टात? अहो, कोर्टात वकील लावतो तो काय खरं बोलायला? पेटीवाले हसले, म्हणजे त्यांची तारीख जवळ आली असणार!

तर ऐका. आपली ही तुरळी. उन्हाळ्यात जेमतेम गुडघाभर, नकाशात शोधाल तर सापडायची नाही. पण कचेऱ्या नव्हत्या त्या काळी दोन गावांची कचेरी हीच! अलीकडे कासारवाडी, पलीकडे सोनदरी. शिवेवरून भांडण निघालं की दावा सांगणाऱ्या गावातल्या एकानं पात्रात उभं राहायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, ओंजळ भरलेली असेतो खरं काय ते सांगायचं आणि तेच पाणी पिऊन टाकायचं. संपला खटला! आणि गंमत अशी – बोलणारा निवडायचा समोरच्या गावानं!

एका वर्षी मोठा पूर आला. ओसरला तेव्हा तुरळीनं कूस बदललेली, आणि सोनदरीचं कुरण अलीकडे आलेलं. कासारवाडीचे पाटील रायाजीराव म्हणाले, नदी हीच शीव. अलीकडे आलं ते आमचं. सोनदरीची गुरं त्याच कुरणावर जगायची. ते गेलं की दावणी रिकाम्या.

पाटलांनी घरोघर हिंडून गाव पढवलं – कुणालाही निवडोत, सांगायचं की नदी पहिल्यापासून इथूनच वाहते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठ झालं! तालीम फक्त एकाची राहिली. कुणाची?

सोनदरीचे येसबा गवळी काठावरून म्हणाले, "आमच्याकडून रायाजीराव पाटील."

पाटील उतरले. धोतर खोचलं, ओंजळ भरली आणि सुरुवात केली – आजोबांपासून! आजोबांच्या शिकारीतला वाघ मरेपर्यंत ओंजळ रिकामी. पंच म्हणाले, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा वडिलांच्या लग्नापर्यंत आले. पाणी कोपरावरून गळून गेलं. एवढा बोलका माणूस, पण एवढंसं खोटं काही ओठांवर येईना. वैशाखाचं ऊन, घशाला कोरड – हातात पाणी आणि पिता येत नाही! (मागच्या रांगेत चहा आठवला वाटतं. जरा दम धरा.)

येसबा शांतपणे म्हणाले, "पाटील, तुम्ही म्हणाल ते मान्य. गुरं हाकून नेऊ. पण उद्या सकाळीही तुम्हाला हेच पाणी प्यायचंय."

पाटलांनी खालच्या अंगाला पाहिलं. त्यांचीच सून घागर बुडवत होती. त्यांनी तिसरी ओंजळ भरली, बोटं घट्ट आवळली.

"नदी सरकली," ते म्हणाले. "शीव होती तिथंच आहे. कुरण सोनदरीचं."

आणि घटाघटा प्यायले! वाकून आणखी एक ओंजळ घेतली. कासारवाडीनं बरेच दिवस त्यांचा रामराम घेतला नाही. पण पुढं शिवेचं काही निघालं, की दोन्ही गावं त्यांच्याच दारात.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, अशी माणसं राहिली नाहीत. चूक! माणसं आहेत. इकडे येताना मी पुलावर थांबलो. खाली पिशव्या, गटार, लग्नांच्या पत्रावळ्या – आणि आपल्याच सप्ताहाचे द्रोण! मंडळी, समजा आज कुणी खरं बोलायला पात्रात उभा राहिला – तर ती ओंजळ तो पिणार कशी?

तेव्हा उद्या सकाळी टाळ घरी ठेवा आणि फावडी, घमेली घेऊन पुलाखाली या. नामस्मरण तिथंच करू. आधी तुरळी पिण्याजोगी होऊ द्या. मग एकेकाला ओंजळ भरायला लावतो!