महाराजांच्या तबकडीवरचं गंध

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपण देवाला गंध लावतो. छान! पण गंध लावताना बोटाखाली काय झाकलं जातं, हे तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलंय? नाही ना? मीही नाही. हात आपोआप जातो, टिळा लागतो आणि आपण पुढं सरकतो — प्रसादाच्या रांगेत! तर ऐका. सांबरोशीच्या मठात एका टिळ्यानं काय घोटाळा केला, त्याची ही गोष्ट.

सांबरोशीला भिवा महाराज होऊन गेले. मोठा अधिकारी पुरुष. त्यांच्या भजनाची एक रेकॉर्ड आहे. एकच! कुणा भक्तानं मठात यंत्र आणून भजन भरून घेतलं, मुंबईहून त्याची तबकडी करवून आणली — बशीएवढी, काळीभोर. पण ती गावात पोचेपर्यंत महाराज गेले. मग मठानं रेकॉर्ड प्लेअर घेतला. त्या काळी बशीएवढी तबकडी म्हणजे सिनेमाचं गाणं, आणि ती मिनिटाला पंचेचाळीस फेरे फिरायची. ताटाएवढी मोठी असेल ती तेहतीस. प्लेअर जोडून देणाऱ्यानं तबकडी लहान बघितली, वेगाचा खटका पंचेचाळीसवर ठेवला आणि एसटी पकडून निघून गेला. त्या वेळच्या बुवांनी प्लेअरला हळद-कुंकू वाहिलं. खटक्यालाही वाहिलं. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गंधाचा टिळा लावला. आणि एकदा कुंकू लागलं, की आपल्याकडं त्या वस्तूला हात लावायचे नाहीत — फक्त जोडायचे!

झालं. रोज सकाळी महाराज गाऊ लागले. आवाज किनरा, चाल पळती. आणि शिष्यही तसंच गाऊ लागले हो! मिशा दोरखंडासारख्या, छाती कपाटाएवढी, आणि तोंड उघडलं की करडू ओरडल्यासारखा आवाज! त्यालाच पुढं 'सांबरोशीची चाल' म्हणू लागले. एका विद्वानानं पुस्तिका लिहिली — महाराजांचा स्वर टाळूच्या वरून यायचा म्हणे. हसू नका! तुमच्या कपाटात असल्या चार पुस्तिका सापडतील.

हल्लीचे मठाधिपती सोपानबुवा. माणूस सज्जन. मूळचा गळा नगाऱ्यासारखा, पण तीस वर्षं तो आवळून बारीक गायले बिचारे. रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचे, आणि हे तप आहे असं समजायचे.

आता या साऱ्या गर्दीत एकच बाई गप्प बसलेली असायची. अनसाक्का. महाराजांची सख्खी लेक. महाराज गेले तेव्हा नऊ वर्षांची होती, आता पासष्टी गाठलेली. मठाला लागूनच तिचं दोन खोल्यांचं घर. लहानपणी तिनं दोनदा तोंड उघडलं होतं. वडिलांना ती दादा म्हणायची. एकदा म्हणाली, "आमच्या दादांचा आवाज असा नव्हता." दुसऱ्यांदा म्हणाली, "दादा गुळाचा चहा प्यायचे." अरे देवा! मठात चहा वर्ज्य. महाराजांनी जन्मात चहाला स्पर्श केला नाही, असं पुस्तिकेत छापलेलं! सगळ्यांनी तिला समजावलं, "पोरी, तू लहान होतीस. तुला काय आठवणार?"

हे वाक्य तिनं पन्नास वर्षं ऐकलं, मंडळी. पन्नास वर्षं एकच गोष्ट कानावर आली की माणूस स्वतःवर संशय घ्यायला लागतो. आधी तिला डोळे मिटले की दादांचा आवाज यायचा — जाड, सावकाश, मधेच श्वास घेणारा. मग तो पुसट झाला. आणि आता कितीही आठवायला गेली तरी तोच किनरा आवाज कानात यायचा. बाप एकदा गेला होताच, आता दुसऱ्यांदा चालला होता. याचं तिला फार वाईट वाटायचं, आणि सांगणार कुणाला?

पुण्यतिथी चार दिवसांवर आली आणि प्लेअर बंद पडला! धावपळ झाली. तालुक्याहून इलाहीभाई तांबोळींना बोलावलं, ते उगवले पुण्यतिथीच्या आदल्या दुपारी. रेडिओ, मिक्सर, पंखा, काय वाट्टेल ते दुरुस्त करणारा माणूस. इलाहीभाईंनी झाकण उचललं आणि कपाळाला हात लावला.

"बुवा, हे मशीन हाय का नैवेद्याचं ताट?"

आत काय नव्हतं! अक्षता होत्या, झेंडूच्या पाकळ्या होत्या, तूप होतं. आतलं रबर ताणून सैल झालेलं. सुई इतकी झिजलेली की तिनं खिळ्याचं काम केलं असतं. आणि सुईच्या दांडीवर आठ आण्यांचं नाणं चिकटवलेलं! कधीतरी सुई उड्या मारत होती म्हणून कुणी वजन ठेवलं होतं, लोक समजले दक्षिणा आहे.

"हे काढा पयलं," इलाहीभाई म्हणाले. "या वजनानं सुई रेघा खरवडतीय. आणखी दहा वर्षांत तुमचं महाराज सपाट हुतील."

सोपानबुवा घाबरून म्हणाले, "काढा, काढा." आणि मंडपवाल्याशी भांडायला निघून गेले. अनसाक्का तेवढी दारात बसून राहिली.

इलाहीभाईंनी नवं रबर चढवलं. काडेपेटीतून नवी सुई काढून बसवली. ताटलीत पाणी घालून ती प्लेअरवर ठेवली, तर पाणी एका बाजूला गेलं — टेबल देवाकडं कललेलं! पायाखाली पुठ्ठा सारून सरळ केलं. मग फडकं ओलं केलं, साबणाचा एक थेंब टाकला आणि तबकडी रेघांच्या दिशेनं हळूहळू पुसायला घेतली.

"महाराजांना साबण लावताय होय?" अनसाक्का हसून म्हणाली.

"आक्का, पन्नास वरसं आंघोळ न्हाई त्यांना. लावू द्या." मधल्या कागदावरचं गंध दगडासारखं घट्ट झालेलं. त्यांनी ते भिजवलं, नखानं हलकेच सोडवलं. खाली अक्षरं दिसली. इलाहीभाई चष्मा वर करून बघतच राहिले.

"आक्का, हितं तर तेहतीस छापलंय. आन खटका पंचेचाळीसवर हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे ही तबकडी सावकाश वाजवायची हुती. तुम्ही ती पळवली. पळवली की आवाज बारीक हुतो, पोरासोरांसारखा."

अनसाक्कानं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "वाजवा."

खटका कुंकवानं जाम झालेला. रॉकेलचा बोळा लावून इलाहीभाईंनी तो सरकवला, सुई अलगद टेकवली. आणि मंडळी — जाड आवाज आला. किंचित बसलेला, ओळ संपली की श्वास घेणारा, कसली म्हणून घाई नसलेला. अनसाक्का खाली बसली. एवढंच म्हणाली, "दादा."

सात मिनिटांनी भजन संपलं. रोज इथं बुवा सुई उचलायचे, कारण पुढं आरती, आरतीपुढं प्रसाद. इलाहीभाईंना काय माहीत? त्यांनी सुई तशीच ठेवली. तबकडी फिरत राहिली. खाकरल्याचा आवाज आला, आणि मग महाराज म्हणाले, "झालं का रे? अनसे, आईला म्हणावं चहा टाक. गुळाचा."

अनसाक्का रडली, अगदी नऊ वर्षांच्या पोरीसारखी रडली. मग उठली, घरी गेली आणि इलाहीभाईंसाठी गुळाचा चहा घेऊन आली. मठात! मी असतो तर मीही एक कप मागितला असता.

पुण्यतिथीला मंडप गच्च. तबकडी लागली — इलाहीभाईंनी ठेवली तशी, तेहतीसवर. शिष्यांनी सवयीनं पळत सुरुवात केली. मृदंगवाला ओरडला, "महाराज ताल सोडतायत!" दोन मिनिटं आधीच सगळे गाऊन मोकळे झाले, आणि महाराज एकटेच निवांत गात राहिले! लोक एकमेकांकडं बघायला लागले. त्या गोंधळात बुवा सुई उचलायला विसरले, आणि शेवटी, हजार माणसांसमोर, महाराजांनी चहा मागितला.

काय सांगू! विश्वस्तांची तिथंच बैठक बसली. सोपानबुवा घाम पुसत म्हणाले, "हा आवाज महाराजांचा नव्हे. यंत्राचा दोष आहे." दुसरे एक विश्वस्त म्हणाले, "महाराजांचा असेलही, पण आपली चाल पन्नास वर्षांची आहे. महाराज तर फक्त एकदाच गायले!" ठराव झाला: खटका परत पंचेचाळीसवर, आणि गंध परत जागच्या जागी. बुवांनी अनसाक्काकडं बघितलं.

ती म्हणाली, "लावा बुवा, गंध लावा. तुम्ही मानलं पाहिजे असं आता राहिलं नाही. मला आठवत होतं ते खरं होतं. मला तेवढंच हवं होतं."

तेव्हापासून सकाळी मठ पळतो, आणि दुपारी चारला, सगळे झोपलेले असताना, अनसाक्का येते. खटका तेहतीसवर घेते, सुई टेकवते आणि चहा घेऊन बसते. महिनाभरानं एका दुपारी दारात सावली पडली. सोपानबुवा! बुवा येऊन बसले. महाराज गात होते. ऐकता ऐकता बुवांचे ओठ हलायला लागले, आणि तीस वर्षांनी त्यांच्या गळ्यातून त्यांचा स्वतःचा आवाज बाहेर आला — जाड, ओबडधोबड, मोकळा. भजन संपलं. महाराजांनी चहा मागितला. अनसाक्कानं आपला कप बुवांपुढं सरकवला. बुवांनी आधी दाराकडं बघितलं, मग कपाकडं, आणि प्यायले. त्या संध्याकाळी त्यांना गुळण्या कराव्या लागल्या नाहीत.

तर मंडळी, तुम्ही खूप हसलात त्या शिष्यांना. आता घरी जा आणि तुमच्या ओसरीवरचा म्हातारा बघा. तो बोलायला लागला की तुम्ही काय म्हणता? "अण्णा, मुद्द्याचं बोला!" जिवंत माणूस पंचेचाळीसवर पळवता! उद्या तो जाईल, मग फोटो लावाल, हार घालाल, काचेवर बोटभर गंध लावाल. अरे, त्याच्या सुनेला विचारा त्याला चहा कसा लागतो! आज विचारा. बोलू द्या त्याला, त्याच्या वेगानं. आणि बोलून झालं असं वाटलं तरी लगेच उठू नका. सुई जरा राहू द्या.

चला, आता जयजयकार करू. बोला, भिवा महाराज की — थांबा! केवढी घाई? प्रसाद कुठं पळत नाही.

सावकाश बोला.