ज्याची कळ थांबली, त्याला आधी बघा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील डॉक्टरसाहेब, माझ्या सहकारी जिजासिस्टर, आणि शाळेच्या पायऱ्याही पुरू नयेत इतक्या अगत्याने जमलेल्या गावकरी बंधू-भगिनींनो,

तीस वर्षं औषधाच्या खिडकीतून मी 'बाटली आणलीय का?' एवढंच विचारत आलो. अशा माणसाला शाल पांघरून तुम्ही माइकसमोर उभं केलंत. भाषण लांबलं तर दोष शालीचा समजा.

डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्याचं फार कौतुक केलं. विंचू चावलेल्याला सौम्य म्हणायचं की गंभीर, हे आबाजी कंपाउंडरने ठरवून दिलं, असं ते म्हणाले. खरं सांगू का? त्यात माझी हुशारी काही नाही.

आपल्याकडे पूर्वी काय विचारायचे? 'कुठवर चढला रं?' घोट्याला, गुडघ्याला की मांडीला. कळ जितकी वर, तितका विंचू जहरी. मांत्रिक तेच विचारी, आणि पांढरा कोट घालून मीही तेच विचारी.

बासष्ट सालचा एप्रिल. राब भाजण्यासाठी शेतात रचलेला पालापाचोळा ओढताना आमचे शेजारी धाकलूभाऊ यांना विंचू चावला, आणि पाठोपाठ माझ्या बायकोला, इंदूला. दोघांना एकाच बैलगाडीतून दवाखान्यात आणलं. डॉक्टर त्या दिवशी कर्जतला मीटिंगला गेलेले. भाऊंचा विंचू काळा, वीतभर. ठेचून, पानात गुंडाळून पुराव्यादाखल आणलेला. भाऊ असे ओरडत होते की कौलं हलावीत. हसा, भाऊही हसताहेत. इंदूचा विंचू तांबडा, करंगळीएवढा. तो मारून आणावा असंही कोणाला वाटलं नाही.

खाट एकच होती. ती मी भाऊंना दिली आणि रजिस्टरात लिहिलं, 'गंभीर'. मग इंदूला विचारलं, कुठवर चढला? ती बाकावरूनच म्हणाली,

"माझी कळ थांबली. तुमी भावजींचं बघा."

मला हायसं वाटलं. तिच्या नावापुढे लिहिलं, 'सौम्य'. तिचं लुगडं घामाने भिजलेलं मी पाहिलं होतं. म्हटलं, उन्हाळाच आहे. पाय हातात घेतले असते तर कळलं असतं. रांजणासारखे गार पडले होते. तासाभराने तिच्या तोंडाला फेस आला, तेव्हा मी भाऊंच्या पायाला औषध चोळत होतो. संध्याकाळच्या आत ती गेली.

त्यानंतर विंचवाचा पेशंट आला की मी काही विचारण्याआधी त्याचे पाय धरायचो. बायाबापड्या लाजायच्या, म्हातारे चिडायचे. सगळं लिहून ठेवत गेलो. तक्त्याची पहिली ओळ त्यातून आली: ज्याची कळ थांबली आणि पाय गार, त्याला आधी बघा. कळंबची मैना अशीच आली होती, कळ नाही म्हणून परत निघालेली. आज लेकरं घेऊन समोर बसली आहे. ती वाचली त्या दिवशी मी झपाझप घरी गेलो आणि दारातूनच सांगायला तोंड उघडलं. सांगणार कोणाला? अजूनही कोणी वाचलं की माझे पाय तसेच घाई करतात.

धाकलूभाऊ, राबाचे दिवस आले की तुम्ही दरवर्षी माझ्या ओटीवर येऊन बसून राहता. तुमचा काही दोष नाही. खाट मी दिली होती.

कोणी म्हणेल, तेव्हा औषध तरी कुठे होतं, ती वाचली नसतीच. मान्य. पण एक तास होता. तो तास मी तिच्याशेजारी बसलो असतो. मला तेवढाच हवा होता, आणि आजही तेवढाच हवा आहे.

तुम्ही केलेल्या सन्मानाबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी बोलू नये ते बोललो असेन तर पोटात घाला. इंदूचं नाव बावीस वर्षांत आज पहिल्यांदाच मी चारचौघांत घेतलं. आता मला रजा द्या.