झाकण उघडलं की डबा पडतो

...आणि वर ऑफिसातले मलाच म्हणतात, डबा तुझ्या टेबलावर चालतोय ना, मग कुरकुर कसली! अहो, चालतो, माझ्या टेबलावर अगदी गुणी बाळासारखा चालतो, पण माझ्या टेबलावर दूध आहे का? दूध आहे तिकडे सान होसेला, दोन्या नेलिदांच्या, म्हणजे आमच्या नेलिदाबाईंच्या गोठ्यात! तुम्हाला सांगतो, इकडे उरुग्वेत, माँटेव्हिडिओला आमची चिमुकली कंपनी, दुधाच्या टाकीला लावायचा डबा बनवतो आम्ही. डबा तापमान वाचतो, दूध कोमट व्हायला लागलं की गार करायचं यंत्र सुरू करतो, संपलं काम. आणि हा डबा मध्येच पडायचा! पडायचा म्हणजे भिंतीवरून नाही हो, आतला प्रोग्रॅम मान टाकायचा, हिरवा दिवा गुल, यंत्र ठप्प. बाई एकटी, नवरा गेलेला, सगळं घर गाईंवर. टँकरवाल्याला दूध कोमट लागलं की तो टाकीला हातसुद्धा लावत नाही, अख्खं दूध ओतून द्यायचं... मग फोन यायचा. शिव्या? छे! “बाळा उबाल्दो, तुझा डबा परत झोपला रे. मी यंत्र हाताने लावलंय, तू जेवून घे.” दुसरी कोणी असती तर डबा माझ्या टाळक्यात घातला असता, ही बाई वर घरचं चीज पाठवायची! ते चीज घशाखाली उतरताना काय वाटायचं, माझं मला माहीत.

पण एक सांगू? पडला म्हणून कळलं. हे मी आज म्हणतोय हं, तेव्हा नाही. तेव्हा मी कपाळ बडवत होतो.

मग आमच्या जातीचे, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे लोक करतात तेच मी केलं. नेमका कुठे पडतो ते बघायला प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, ‘इथपर्यंत आलो’ एवढंच छापणारी, आणि डबा गोठ्यात पाठवला. पडेचना! ओळ काढली... पडला. घातली... ठणठणीत! आमचा मालक फाबियान खूश, म्हणे राहू दे की ती ओळ, तिला काय गवत घालायचंय? मीही मान डोलावणार होतो, पण समोर बसते मिर्ता, बगलेत थर्मॉस, हातात माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, आणि जीभ अशी की कांदा चिरावा. म्हणाली, “ताप उतरलेला नाहीये, थर्मामीटर फुटलाय. ती ओळ काढ, बस पकड आणि गोठ्यात जाऊन बस.” इतके महिने आम्ही ऑफिसात बसून काय करत होतो? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

गेलो. दोन्या नेलिदांनी माते दिला, गरम तोर्ता फ्रिता, म्हणजे तळलेल्या जाड पुऱ्या दिल्या, मी डब्याकडे बघतोय, डबा माझ्याकडे बघतोय, दिवा हिरवागार. दुपार झाली. बाई उठल्या, टाकीचं झाकण उचललं, आत डोकावल्या... आणि दिवा गेला!

“दोन्या, झाकण कशाला उघडलंत?”

“दूध बघायला. तुझ्या डब्याचा काय भरवसा, सारखा पडतो ना.”

घ्या! डबा पडतो म्हणून बाई झाकण उघडणार, आणि बाई झाकण उघडतात म्हणून डबा पडणार! झाकण उघडलं की डबा त्याची बारीकशी खूण नोंदवतो, आणि ती खूण तापमानाच्या आकड्याला एक घर पुढे ढकलते. एकेक आकडा म्हणजे काही घरं, आणि चिप ती उचलते अंड्यांच्या ट्रेसारखी, अख्खा ट्रे एकदम. आकडा अर्धा या ट्रेत, अर्धा त्या ट्रेत गेला की ऑफिसातला माझा कॉम्प्युटर, प्रोग्रॅम मी त्याच्यावरच चालवून बघायचो, तो दोन्ही ट्रे उचलतो, मुकाट्याने जुळवतो, मला कळूसुद्धा देत नाही, लबाड! गोठ्यातली गरीब चिप म्हणते, मला नाही जमत, आणि आडवी होते. आणि ती माझी ओळ? ती असली की कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण चिपच्या बोलीत उतरवणारा प्रोग्रॅम, एकेक अंडं उचलायला लावायचा. म्हणून वाचत होतो, अक्कल नव्हती त्यात.

औषध काय केलं? खुणेनंतर थोडी रिकामी जागा सोडली, आकडा आपला नव्या ट्रेच्या कडेपासून. इतक्या महिन्यांची झोप गेली आणि उत्तर काय, तर काहीच न लिहिणं! पण मी उपकारच मानतो, खरंच. मिर्ताचे, तिने मला ढकललं. दोन्या नेलिदांचे, त्यांनी डबा उकिरड्यावर नाही फेकला. आणि त्या चिपचे तर फारच. कारण पडली म्हणून कळलं! सांभाळून घेत बसली असती तर कोणाला पत्ता लागला असता?

आता डबा पडत नाही. झाकण उघडा, आपटा, काही करा, दिवा हिरवा. मी निवांत. तर काल सकाळी फोन... “बाळा, मी मुद्दाम उघडून बघितलं रे, हल्ली पडतच नाही. बिघडलाय का?”

मी म्हटलं, नाही हो दोन्या, आता चांगला झालाय. फोन ठेवला... आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून मीही तोच विचार करतोय, खरंच बरा झालाय की आता हाही मुकाट्याने सांभाळून घेतोय? आज दुपारच्या बसने निघालोय, बघून येतो.