रिकामं गोणपाट

गाढव हट्टी असतं असं पुन्हा कुणी म्हणालं ना, तर माझ्याकडे चहा मिळायचा नाही! बंद चिरेखाणीत मालकाने सोडून दिलेलं एक गाढव आणायला मी आणि आमचे हे गेलो होतो. पोट खपाटीला गेलेलं, पाय सुजलेले. टेम्पो खाली उभा. अरुंद उतारावर मधोमध ते जे थांबलं, ते हलेचना. तेवढ्यात वरच्या चालू खाणीतून चिऱ्यांनी भरलेला डंपर खाली यायला लागला.

"अहो, ओढा!"

"ओढतोच आहे! तू मागून ढकल!"

"लाथ मारील!"

"मग सोड त्याला, बाजूला हो!"

सोडते कसली! ढकलायला हात मोकळे हवेत म्हणून टेम्पोत अंथरायचं गोणपाट मी त्याच्याच पाठीवर टाकलं. तशी स्वारी मुकाट चालायला लागली! आम्ही कडेला पोचतोय तोच डंपर धुरळा उडवत गेला.

"ओझ्यासाठी थांबलं होतं गो ते," हे म्हणाले.

आता ते पावस गावात आमच्या बागेत असतं. काम काही नाही. तरी रोज सकाळी पडवीसमोर येऊन उभं राहतं. पाठीवर रिकामं गोणपाट टाकलं, की मगच चरायला जातं.